दहा गाड्यांचं सत्त्व

धुळे
२० नोव्हेंबर १९८८

सौ. कुंदाअक्का,

धाकट्याचा नमस्कार. भाऊबीजेला मी सावद्याला आलो नाही, म्हणून तू ओवाळणीचं ताट तसंच उचलून ठेवलं असशील आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्या नावाने चार शब्द ऐकवले असशील. ऐकव. या वेळी माझ्याकडे कारण आहे आणि ते कळलं की तुझा राग निम्मा तरी उतरेल.

आमची कंपनी तापाच्या गोळ्यांसाठी लागणारी पांढरी पूड बनवते, एवढं तुला माहीत आहे. ती कशी बनते हे सांगायला लागलो की तू जांभया देतेस, पण आज ऐकून घे. इतकी वर्षं आम्ही कच्च्या मालात लोखंडाचा भुगा आणि आम्ल घालून तो रटरटवत होतो. एक पोतं औषध निघालं की दोन पोती काळा गाळ निघायचा. म्हणजे खरं तर आमचा कारखाना गाळाचाच, औषध आपलं जाता जाता. मागच्या आवारात त्याचा डोंगर झाला होता. पावसाळ्यात त्यातून तांबडं पाणी निघायचं आणि खालच्या शेतांतल्या विहिरींत उतरायचं. तिथल्या बायांची धुतलेली लुगडी तांबूस व्हायची. त्या रस्त्याने सायकलवरून जाताना मी मान खाली घालून जायचो, अक्का.

दसऱ्यापासून ते सगळं बंद झालं. तीन वर्षं शेठच्या मागे लागून मी नवी पद्धत बसवली. लोखंड नाही, आम्ल नाही. हायड्रोजन वायू, आणि सोबत निकेल नावाच्या धातूची थोडीशी काळी पूड. ही पूड म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ समज. दोन्हीकडच्यांना एकत्र आणते, आपण बाजूला होते आणि पुढच्या लग्नाला पुन्हा हजर. मागे उरतं ते पाणी. बऱ्याच बॅचेस झाल्या की पूड थकते, मग ती काढून पिंपात पाण्याखाली ठेवायची. जिथे दहा गाड्या गाळ निघायचा, तिथे आता एक पिंप.

आमच्या मेहुण्यांना, तोतारामभाऊंना मात्र सांग, की केळीचा ट्रक मुंबईहून रिकामा परतताना आमच्या गेटवर थांबवून गाळाची पोती भरायचे दिवस संपले. गाळाचं आवार शेठनी बंद केलं. तिथे राखणीला असलेल्या निंबाला पुढच्या गेटवर घेतलं. कचराच नाही तर कचऱ्याला माणूस कशाला, असं शेठ म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. फार दिवसांनी इतका आनंद झाला आहे.

तुझा
लीलाधर


सावदा
२ डिसेंबर १९८८

चि. लीलाधर,

राग उतरला नाही. तुझी ती मध्यस्थीण पूड तुला ओवाळणार असेल तर पुढच्या दिवाळीलाही येऊ नकोस. पण तुझं पत्र वाचून ऊर भरून आला, हेही लिहायला हवं. आबा असते तर हेच पत्र खिशात घालून सोनगीरभर फिरले असते.

आता घरचं ऐक. तुझं पत्र मी ओट्यावर बसून ह्यांना वाचून दाखवलं. आनंद कसला, ह्यांचं तोंडच उतरलं. या वर्षी निम्म्या बागेवर केवडा आला आहे. पानं हळदीसारखी, नुसत्या शिरा हिरव्या. असंच राहिलं तर घड बोटाएवढे धरतील आणि स्टेशनवर वॅगन भरताना आपला माल बाजूला काढून ठेवतील. दरवर्षी याच दिवसांत तुमचा गाळ यायचा. घराच्या सपाट धाब्यावर पोती अंथरून त्यावर तो पसरायचा, चांगला कडक वाळू द्यायचा, मोगरीने कुटायचा, चाळायचा आणि खोडाभोवती टाकून पाणी सोडायचं. पंधरा दिवसांत पानं काळीभोर. आमच्या आळीतले सगळे हेच करतात आणि सगळ्यांना वाटतं की ह्यांचा शालक फार मोठा माणूस आहे.

तू मात्र सहा वर्षं ओरडत होतास. शेतात टाकू नका, त्यात काय काय असतं, जमीन मरेल. काही मेलं नाही, लीलाधर. म्हणून तू आता काही सांगितलंस की हे मिशीत हसतात. त्यांचं तरी काय चुकलं?

पत्रातलं एक वाक्य मात्र त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. दहा गाड्यांच्या जागी एक पिंप, ते. रात्री जेवण झालं. हात धुताना म्हणाले, “दहा घागरी रस आटवला तं एक ढेप गूळ होतो. म्हंजे दहा गाड्यांचं सत्त्व त्या पिंपात उतरलं. बरोबर का नाही?” मी म्हटलं, बरोबर असेल, मी काही शिकलेली नाही. तर भाऊराया, तुमच्या शेठला त्या पिंपाचा उपयोग नसेल तर ते इकडे धाड. सगळं नको, दोन घमेली दिलीस तरी चालेल.

आईला सोनगीरला जाऊन भेटून ये. तिचा गुडघा दुखतोय आणि ती मला ते कळवत नाही.

कुंदाअक्का


धुळे
१२ डिसेंबर १९८८

सौ. अक्का,

आईला भेटून आलो. गुडघा दुखतो पण जीभ ठणठणीत आहे.

पिंपाचं डोक्यातून काढून टाका. हा तो गाळ नाही. त्यात लोखंडच नाही, तर केवड्याला त्याचा काय उपयोग? लोखंडाचा गाळ म्हणजे शेवटी गंजच होता, म्हणून तुमची झाडं वाचली. मला सहा वर्षं चिंता वाटत होती ती खरी ठरली नाही, याचा मलाही आनंद आहे. तोतारामभाऊंना सांग, केवड्यासाठी बाजारात हिराकस मिळतो, लोखंडाचाच क्षार असतो, तो आणा. मी पाठवू का?

आणि गुळाचा हिशोब इथे लागत नाही. तो गाळ आम्ही आटवला नाही, तो आता तयारच होत नाही. पिंपात आहे ती वेगळी चीज. मागच्या महिन्यात आमच्या एका माणसाने सांडलेली पूड फडक्याने पुसली आणि फडकं पिळून तारेवर वाळत टाकलं. दुपारी चहाला बाहेर आलो तर त्याच्या कडा लाल झालेल्या, विडीच्या टोकासारख्या. जवळ ना काडी ना विस्तव. नुसतं वाळलं म्हणून पेटलं. ही पूड ओली आहे तोवर चिखलासारखी गरीब असते. वाळली की हवाच तिला पेटवते. म्हणून ती कायम पाण्याखाली.

एका गोष्टीने मी अस्वस्थ आहे, ती तुलाच लिहितो. गाळाचा डोंगर होता तेव्हा त्याला आवार होतं, कुंपण होतं, निंबा होता. हे पिंप शेडच्या मागे नळाजवळ उभं आहे. त्यावर काही लिहायला हवं, कुलूपबंद जागा हवी, असं मी शेठना दोनदा म्हटलं. ते म्हणाले, एका पिंपासाठी खोली बांधू का? मुंबईचा एक व्यापारी धातूसाठी ते नेणार आहे, पण त्याचा अजून पत्ता नाही.

नवीन वर्ष लागलं की मी तीन आठवडे मुंबईला शिकायला जातोय. परत आलो की सावद्याला येईन, तेव्हा मनसोक्त रागाव.

लीलाधर


सावदा
१६ जानेवारी १९८९

चि. लीलाधर,

तिळगूळ घे. तू मुंबईला असशील, पण मला तिथला पत्ता नाही, म्हणून धुळ्यालाच लिहिते. आल्यावर वाचशील.

आधी तू चिडणार ती गोष्ट सांगून टाकते. ह्यांनी पिंप आणलं. मागच्या आठवड्यात केळी घेऊन मुंबईला गेले होते, परतताना तुमच्या गेटवर थांबले. गेटवर तो तुमचा निंबा होता. त्याने ओळखलं, चहा पाजला. हे म्हणाले की साहेब आमचे शालक, माल न्यायला आलोय. निंबा त्याच्या बोलीत काय म्हणाला ते हे मला नक्कल करून दाखवतात, “माल तोच शे ना, कायाच शे. पहिले गाडीभर जाये, आते पिंपभर उरना. पाव्हना तुम्हीच, मंग मी कशाला नही म्हनू?” लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी हे आमच्या माहेरच्या ‘शे’ला हसतात. तर माल तोच, काळाच आहे, असं समजून निंबाने दोन माणसं लावून पिंप ट्रकवर चढवून दिलं. शेठचीही ना नव्हती म्हणे, जागा मोकळी झाली.

तुझं मागचं पत्र मी वाचून दाखवलं होतं. फडक्याचं, पेटण्याचं, सगळं. शपथेवर सांगते, एक अक्षर गाळलं नाही. हे म्हणाले, लीलाधर पहिल्यापासून भित्रा. गाळालाही विषच म्हणत होता. आणि खरं सांगू, त्या गरम होण्यानेच ह्यांची खात्री पटली. ताजं शेणखत उकिरड्यात तापतं, हिवाळ्यात सकाळी त्यातून वाफ निघते, ते तू लहानपणी पाहिलं आहेस. जे खत तापतं ते जिवंत, जे थंड ते माती, असं इथला कोणताही शेतकरी सांगेल. परवा ह्यांनी वरचं पाणी ओतून दिलं आणि हात आत घातला. मला बोलावलं. “कुंदे, हात लावून पाह्य. जितं आहे हे.” मी हात लावला. खरंच ऊब होती, लीलाधर. दूध काढलेल्या चरवीला असते तेवढी.

मला ते आवडलं नाही. का ते सांगता येत नाही. ओट्यावर रोज चिमण्या असतात, त्या तिकडे फिरकत नाहीत असं मला वाटतं, पण हे म्हणतात की तुला वाटतं.

संक्रांतीला नणंदबाई आल्या होत्या, पहूरच्या बेबाबाई. दोन दिवस राहिल्या आणि माझ्या भाकरीपासून चुलीपर्यंत सगळ्याला नावं ठेवून गेल्या. निघताना ह्यांनी त्यांच्या हाती तुपाचा मोठा डबा दिला. बहिणीला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हे मलाही कळतं. पण डबा असा जड की गाडीत चढवायला दोघं लागले. वर्षाचं तूप गेलं बहुतेक. मला विचारलंसुद्धा नाही, आणि मीही विचारलं नाही. नवऱ्याच्या आणि त्याच्या बहिणीच्या मध्ये पडू नये.

दोन दिवस आभाळ आहे, म्हणून माल पिंपातच आहे. ऊन पडलं की नेहमीसारखा धाब्यावर पसरतील. आळीतले सगळे विचारून गेलेत.

तुझी
कुंदाअक्का


धुळे
२१ जानेवारी १९८९, शनिवार

अक्का,

आत्ता मुंबईहून आलो आणि तुझं पत्र हातात पडलं. दोन-तीन दिवस ते माझ्या टेबलावर पडून होतं.

तार केली आहे, पण आज शनिवार, ती सावद्याच्या ऑफिसात पडून राहील. आमचा ड्रायव्हर अभिमन ट्रक घेऊन तिकडे निघालाय, त्याच्या हाती हे देतो. तोतारामभाऊंना वाचून दाखवू नकोस, तू स्वतः कर. पिंपात काठोकाठ पाणी भर. पसरलं असेल तर त्यावर पाणी ओतत राहा, फावडं लावू नका, कुटू नका, चाळू नका. धाब्यावर कडबा असेल तर आधी तो खाली काढा. पेट घेतलाच तर ओली माती टाका. माल कुणालाही देऊ नका, चिमूटभरसुद्धा.

खताची ऊब वेगळी, ही वेगळी. मी घाबरट आहे असं त्यांना म्हणू दे. मला फार भीती वाटते आहे, अक्का.

शिफ्ट दुसऱ्याच्या ताब्यात देतो आणि मागोमाग निघतो.

लीलाधर


सरकारी दवाखाना, जळगाव
२१ जानेवारी १९८९

लीलाधर,

दवाखान्यातल्या एका बाईकडून कागद घेऊन लिहिते. तुझ्या कंपनीत फोन लावायला सांगितला होता, लागला नाही. हे जिवंत आहेत. दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले, छातीवरही थोडं. डॉक्टर म्हणतात, डोळे वाचले ते नशीब.

काल शुक्रवारी ऊन पडलं. सकाळी ह्यांनी धाब्यावर पोती अंथरली आणि माल पसरला. काळा, चमकणारा, दिसायला तुमच्या जुन्या गाळापेक्षा बारीक. मी खाली भाकरी करत होते. दुपारी वर गेले तर कडेकडेने तो राखाडी झाला होता. हे म्हणाले, वाळत आला, मोगरी आण. मी म्हटलं, लीलाधर येऊ दे. ते म्हणाले, तो येईपर्यंत बाग पिवळी होईल. मी मोगरी आणून दिली. मीच दिली.

त्यांनी दोन घाव घातले. तिसऱ्याला त्या थरातून लाल किडे धावावेत तशा ठिणग्या पळाल्या. आवाज नाही, जाळ नाही. मग खालची पोती पेटली आणि शेजारचा कडबा पेटला. ह्यांनी हातांनी पोतं ओढून कडब्यापासून दूर करायचा प्रयत्न केला. मी घागरभर पाणी फेकलं तर ते फुत्कारलं आणि आणखी उसळलं. शेजारच्या कौतिकभाऊंनी घमेल्याने माती टाकली तेव्हा ते दबलं. केळी पिकवायची खोली धाब्याला लागून होती, ती गेली.

चौकशीला माणसं आली. मी सांगितलं की चुलीची ठिणगी उडाली आणि कडबा पेटला. आळीतल्यांनाही तेच बोलायला लावलं, कौतिकभाऊंना गळ घातली. सगळ्या नातेवाइकांनाही तसंच कळवलं आहे, पहूरला, रावेरला, सगळीकडे. तुझं नाव कुठे येणार नाही. तू इतक्या वर्षांनी एक चांगलं काम केलंस, त्याला आमच्या मूर्खपणाने डाग लागू नये. तूही हेच सांग.

मला तुझा राग येत नाही. मला त्या उबेचा राग येतो. हात लावला तेव्हा मला कळायला हवं होतं.

कुंदाअक्का


धुळे
२९ जानेवारी १९८९

सौ. अक्का,

चार दिवसांपूर्वी इथे परत पोचलो. तुझी आणि माझी पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. सावद्याला कुलूप पाहिलं, काळं पडलेलं धाबं पाहिलं, आणि जळगावला तू व्हरांड्यात बसलेली दिसलीस. मला पाहून तू उठलीस आणि माझ्या हातात चहाचा कप दिलास. ते मला जन्मभर पुरेल.

तोतारामभाऊ माझ्याशी बोलले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं राग असेल. निघताना त्यांनी हाक मारली, काहीतरी सांगायचं होतं, पण तू औषध घेऊन आलीस आणि त्यांनी डोळे मिटले. हातांना बँडेज असलेला माणूस इतका अवघडलेला दिसतो, की माझ्याच्याने थांबवलं नाही.

धाब्यावरचं सगळं मी कौतिकभाऊंच्या मदतीने ओल्या वाळूत कालवलं, पिंपात भरलं, वर पाणी घातलं आणि ट्रकने परत आणलं. उरलेलं पिंपाच्या मानाने मला कमी वाटलं. कौतिकभाऊ म्हणाले, जळालं ते जळालं, आता काय तोलायचं. मीही दमलो होतो.

इथे शेठशी भांडलो. तू दडवलंस ते मी त्यांना सगळं सांगितलं, बंद खोलीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला. आता पिंपासाठी दगडी हौद बांधायला घेतलाय, कुलूप लागेल आणि निंबाला परत राखणीला नेमलं आहे. त्याला मी फडकं वाळवून पेटवून दाखवलं. त्याने राखेवर तांब्याभर पाणी ओतलं. मग म्हणाला, “साहेब, मले हाई पहिले दखाडतात तं मी पाव्हनाले पानीबी देतू नही.” त्याचं बरोबर आहे. विहिरी आता नितळ आहेत, अक्का, लुगडी पांढरी वाळतात. पद्धत चांगलीच आहे. फक्त उरलेला थोडका कचरा सगळ्या डोंगरापेक्षा जास्त लक्ष मागतो, हे आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं.

पण संपलं ते. पिंप परत आलं, बाहेर आता काही नाही. रात्री झोप लागायला लागली आहे. तूही थोडी झोप.

हिराकसाची पोती अभिमनबरोबर पाठवतोय. बागेला तेच टाका.

लीलाधर


पहूर
१ फेब्रुवारी १९८९

श्री. लीलाधरभाऊ यांस,

सावद्याच्या तोतारामभाऊची बहीण बेबाबाई हिचा नमस्कार. तुमची-माझी गाठ कुंदावहिनीच्या लग्नात पडली होती, तुम्ही तेव्हा पोरसवदा होता. तुमच्या कंपनीचा पत्ता भाऊने लिहून दिला होता, कमी पडलं तर सरळ मागव म्हणाला, म्हणून हे कार्ड.

भाऊचे हात भाजल्याचं वहिनीचं पत्र आलं. फार वाईट वाटलं. चुलीची ठिणगी उडाली म्हणे. वहिनीचं चुलीकडे कधीच लक्ष नसतं, मी संक्रांतीलाच बोलले होते. पुढच्या आठवड्यात भेटायला जाणार आहे.

लिहायचं कारण असं, की संक्रांतीला भाऊने मला तुमच्याकडच्या मालाचा डबा दिला. वहिनीला सांगू नको, तिला वाटेल की बागेला कमी पडेल, असं म्हणाला. आमच्या लिंबांनाही केवडा आहे. दहा गाड्यांचं सत्त्व आहे, जपून वापर, असं त्याने तीनदा बजावलं. मी फार जपलं आहे. आणला तेव्हा त्यात वर पाणी होतं, वाटेत गाडीत थोडं सांडलं, उरलेलं मी निथळून टाकलं. ओल लागून खराब होऊ नये म्हणून डबा चुलीच्या वरच्या फळीवर ठेवला आहे, तिथे छान ऊब असते. आधी दोघांना उचलत नव्हता, आता मी एकटी खाली घेते. आतला माल आपोआप सुटा झाला आहे, हलवला की खुळखुळतो.

येत्या सोमवारी बागेचा ताण तोडून पाणी सोडायचं आहे. त्या दिवशी डबा उघडून अंगणात कुटून घेऊ, घरचे सगळे आहेत मदतीला. चांगला गुण आला तर आणखी एक डबा द्याल का? तुमचे उपकार कसे फेडावेत कळत नाही.

बेबाबाई


जळगाव, बस स्टँड
७ फेब्रुवारी १९८९, मंगळवार

अक्का,

त्या डब्यात तूप नव्हतं. बेबाबाईंचं कार्ड आज सकाळी माझ्या हातात पडलं, सोबत पाठवतोय. त्यातला सोमवार काल होऊन गेला. त्या दिवशी दवाखान्यात हाक मारून तोतारामभाऊंना मला काय सांगायचं होतं ते आता कळलं. त्यांना दोष देऊ नकोस. तू नातेवाइकांना जे कळवलंस ते माझ्यासाठी कळवलंस, तेही मनाला लावून घेऊ नकोस.

पहूरच्या गाडीत बसून लिहितोय, गाडी सुटायच्या आत हे पेटीत टाकतो. माझ्या पुढच्या बाकावर पहूरचे चौघे आहेत. गावातून सकाळीच आलेत असं त्यांच्या बोलण्यावरून वाटतं आणि हळू आवाजात बोलताहेत. त्यांना विचारायचा मला धीर होत नाही.

लीलाधर